रिलोकेशन सर्विसचा रिव्ह्यू: पुण्याहून स्टुटगार्ट, व्हिसा आणि भाड्याचं घर

जर्मनीला जाताना रिलोकेशन एजन्सी घ्यावी का, असं मला हल्ली पुण्यातून बरेच जण विचारतात, कारण चाकण-हिंजवडी पट्ट्यातून स्टुटगार्टला येणाऱ्यांची रांग काही थांबत नाहीये, ऑटोमोटिव्हमधला माणूस म्हटलं की कधी ना कधी या गावाचं नाव निघतंच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते, व्हिसाच्या भागासाठी एजन्सी अजिबात नको, ते पैसे तुमचे असोत की कंपनीचे, वाया जातात. पण घर शोधण्याच्या भागाला चांगला माणूस मिळाला तर त्याच्यासारखी दुसरी मदत नाही, आणि मी तर म्हणेन की सामानाच्या कंटेनरचे पैसे कमी करा पण हा भाग घ्या. एजन्सीचं नाव देत नाही, कारण एकाच एजन्सीतला एक भाग कच्चा आणि दुसरा उत्तम होता आणि माणसं शहरागणिक बदलतात, त्यामुळे नावापेक्षा काय मागायचं आणि काय तपासायचं हे कळणं जास्त उपयोगाचं आहे.

आमची केस अशी होती, नोकरी माझी, एम्बेडेड सॉफ्टवेअरची, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परमिटवर, आणि सोबत नवरा आणि बालवाडीच्या वयाची मुलगी. कंपनीने पॅकेज दिलं त्यात तीन तुकडे होते, व्हिसा सपोर्ट, होम सर्च आणि सेटलिंग-इन, म्हणजे तिथे पोचल्यावरची नोंदणी, बँक, इन्शुरन्स वगैरे.

आधी व्हिसा. जर्मनीत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर डी टाइपचा नॅशनल व्हिसा लागतो, टुरिस्ट शेंगेनशी त्याचा काही संबंध नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊ मग तिथेच बदलून घेऊ हा जो सल्ला काही लोक देतात तो भारतीय पासपोर्टवाल्यांनी मनातसुद्धा आणू नये. फी ७५ युरो, मुलांना निम्मी, वर व्हीएफएसचा, म्हणजे व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचा, सर्विस चार्ज वेगळा. आपल्या महाराष्ट्र-गोव्याच्या लोकांचा निर्णय नरिमन पॉइंटच्या जर्मन कॉन्सुलेटमध्ये होतो, व्हीएफएस फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं, तिथल्या काउंटरवरच्या माणसाला तुमचा व्हिसा होईल की नाही हे विचारून उपयोग नाही. जानेवारी २०२५ पासून जर्मन सरकारचं कॉन्सुलर सर्विसेस पोर्टल सुरू झालंय आणि मला ते मनापासून आवडलं. नोकरी आहे का, डिग्री आहे का, फॅमिली सोबत आहे का असे प्रश्न विचारत विचारत ते तुमची कॅटेगरी ठरवतं आणि त्या कॅटेगरीचीच कागदांची यादी देतं, स्कॅन तिथेच अपलोड करायचे, मग अपॉइंटमेंट.

आता एजन्सीने या भागात काय केलं? एक पीडीएफ चेकलिस्ट पाठवली. ती सगळ्यांना पाठवतात तीच होती, त्यात ब्लू कार्डला लागणाऱ्या कमीत कमी पगाराची मर्यादासुद्धा आधीच्या वर्षाची. ब्लू कार्डची ही मर्यादा दर वर्षी जानेवारीत बदलते, २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो आणि आयटी, इंजिनीअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांसाठी ४३,७५९.८० युरो होती, आणि ज्यांचा पगार या रेषेच्या आसपास आहे त्यांच्यासाठी जुना आकडा म्हणजे सरळ चुकीची माहिती. मधेच आमची केस मॅनेजर बदलली, नवीन मॅनेजरला आम्ही तिघं आहोत हेच माहीत नव्हतं, आणि काहीही विचारलं की उत्तर यायचं की चेकलिस्ट बघा. फॉर्म आम्हीच भरले, स्कॅन आम्हीच केले, त्यांनी ते फक्त बघितले आणि ओके म्हटलं. जे काम पोर्टल फुकट करतंय त्याचे पैसे कंपनी भरत होती. या भागाला माझ्याकडून ५ पैकी २, आणि ते दोन सुद्धा व्हिसासाठी लागणारी इन्शुरन्स पॉलिसी त्यांनी नीट सुचवली म्हणून. तिथे पोचल्या दिवसापासून नोकरी सुरू होईपर्यंतच्या मधल्या दिवसांचं हेल्थ कव्हर लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण जर्मनीतला सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून चालू होतो, विमानतळावर उतरल्यापासून नाही.

डिग्रीचं काम तर कुठल्याही एजन्सीशिवाय होतं. अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, तिथे तुमची युनिव्हर्सिटी शोधायची, तिच्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, आहे का बघायचं, मग तुमची डिग्री त्यात आहे का ते बघायचं, आणि दोन्हीच्या प्रिंट काढून फाइलला लावायच्या. इथे कॉलेजचं नाव नाही तर डिग्री देणाऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव शोधायचं असतं. डिग्री सापडली नाही तर झेडएबी या संस्थेकडून कंपॅरेबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे तुमची डिग्री कुठल्या जर्मन डिग्रीच्या तोडीची आहे याचं पत्र, काढावं लागतं, त्याची फी २०८ युरो आणि वेळ जातो, म्हणून ऑफर लेटर हातात यायच्या आधीच अनाबिन बघून ठेवा, नोटीस पिरियड सुरू झाल्यावर नको. आयटीवाल्यांसाठी अजून एक, नोव्हेंबर २०२३ पासून डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव दाखवून ब्लू कार्ड मिळू शकतं, डिप्लोमा करून वर आलेली कितीतरी हुशार मुलं पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत त्यांना हे कुणी सांगतच नाही.

आणि घाई असेल तर तुमच्या एचआरला फास्ट-ट्रॅक स्किल्ड वर्कर प्रोसिजरबद्दल विचारा. हा अर्ज तुम्ही करत नाही, तुमच्या वतीने कंपनी जर्मनीतल्या फॉरेनर्स ऑफिसकडे करते, फी ४११ युरो, आणि तिथून प्री-अप्रूव्हल आलं की व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत आणि निर्णय पुढच्या तीन आठवड्यांत अशी तरतूद कायद्यातच आहे. एजन्सीपेक्षा हे कितीतरी खरं काम आहे.

व्हिसाच्या भागात आपल्या मराठी लोकांची एक खास अडचण असते आणि तिच्याबद्दल कुठल्याच चेकलिस्टमध्ये एक ओळ नसते, ती म्हणजे नावं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि आडनाव सासरचं, डिग्री मात्र माहेरच्या नावावर. आपल्याला हे एका नजरेत कळतं, पण फ्रॅंकफर्ट किंवा स्टुटगार्टच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं दिसतात. माझं अगदी हेच होतं. एजन्सीला विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी एका पानावर टेबल करून लावलं, कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे, ते का तसं आहे, आणि दोन्ही नावांना जोडणारा कागद कुठला, सोबत महानगरपालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट ज्यात लग्नाआधीचं नाव स्पष्ट आहे, आणि एक अ‍ॅफिडेव्हिट. कुठेही एकही शंका आली नाही. ज्या मुलींची अजून पासपोर्ट रिन्यू करायची वेळ आहे आणि जर्मनीचा विचार पक्का आहे त्यांनी डिग्री आणि पासपोर्ट एकाच नावावर ठेवता आले तर जरूर ठेवावे, पुढे बँक, टॅक्स, मुलांची शाळा सगळीकडे त्रास वाचतो. आणि गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं तिकडे तुमचं फर्स्ट नेम धरतात, म्हणजे पत्रांवर तुमच्या नावासोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही कायमचं येतं.

फॅमिलीबद्दल एक चांगली गोष्ट, एरवी जोडीदाराला ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलचं जर्मन सर्टिफिकेट लागतं पण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ते लागत नाही, आणि तिथे गेल्यावर काम करायलाही पूर्ण परवानगी असते. तरी माझ्या नवऱ्याने पुण्यात असतानाच ए-१ केलं आणि त्याचा उपयोग व्हिसाला नाही पण घर बघताना झाला, ते पुढे सांगते.

आता घर. माझ्या मते सगळ्या शिफ्टिंगचा जीव इथे आहे.

पुण्यात भाड्याचं घर म्हणजे ब्रोकरला फोन, संध्याकाळी तीन घरं बघितली, दुसऱ्या दिवशी टोकन, आणि अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. स्टुटगार्टमध्ये घरं कमी आणि मागणारे खूप, आणि निवड घरमालक करतो. पैसे आहेत म्हणून घर मिळेल असं समजूच नका. करार बहुतेक वेळा बेमुदत असतो, भाडेकरूला बाहेर काढणं मालकाला अवघड असतं, म्हणून तो आत घेतानाच दहा वेळा विचार करतो, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. आणि नवीन आलेल्या माणसाकडे शूफा नसतो, म्हणजे तिथला क्रेडिट रिपोर्ट, मागच्या तीन महिन्यांच्या जर्मन सॅलरी स्लिप नसतात, आधीच्या जर्मन मालकाचं पत्र नसतं. इमोबिलिएनस्काउट या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर आम्ही पुण्यातून मेसेज टाकत होतो, छान जर्मनमध्ये लिहून, उत्तरंच यायची नाहीत.

एजन्सीने आम्हाला जी होम सर्च कन्सल्टंट दिली त्या तिथल्याच, पन्नाशीच्या पुढच्या, स्वाबियन, म्हणजे त्याच भागातल्या मूळच्या बाई. त्यांना इंग्लिश बेताचं येत होतं, आणि तेच आमच्या फायद्याचं ठरलं असं मला वाटतं, कारण त्यांचं सगळं आयुष्य त्या गावात गेलेलं. त्यांनी पहिल्या कॉलमध्ये आमची लिस्ट अर्धी खोडून टाकली. सिटी सेंटर सोडा म्हणाल्या, एस-बानची, म्हणजे लोकल ट्रेनची, लाइन धरा. एस-१ ने बोबलिंगेन, हेरेनबर्गपर्यंत जाता येतं, दुसऱ्या बाजूला एस्लिंगेन, ऑफिस ज्या लाइनवर आहे त्याच लाइनवर घर बघा, गाडी बदलायला लागू नये. फॉयरबाख आणि फाइहिंगेन हे स्टुटगार्टचेच दोन भाग, तुमचं काम फॉयरबाखला असेल तर फाइहिंगेनच्या मागे धावू नका, आणि फाइहिंगेन म्हणून सर्च केलं की फाइहिंगेन आन डेअर एन्त्स नावाचं वेगळंच, लांबचं गाव पण येतं, स्टुटगार्टमधलं फाइहिंगेन ते नव्हे. हे आम्हाला पुण्यात बसून कधी कळलं असतं?

पैशाचं गणितही त्यांनीच समजावलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो काल्टमीटे, नुसत्या घराचं भाडं. त्यात नेबेनकोस्टेन मिळवले, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा लाइट वगैरे, की होते वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट तरी वेगळंच. समजा काल्टमीटे १,२०० आणि नेबेनकोस्टेन ३०० असेल तर दर महिन्याला १,५०० जाणार, आणि डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे म्हणजे ३,६००, याच्यावर कायद्याने मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. पहिल्या पगाराच्या आधी हातात किती युरो लागतील हे यावरून काढा. नेबेनकोस्टेन हा अंदाज असतो, वर्षाने हिशोब येतो आणि फरक भरावा किंवा परत मिळतो, हिवाळ्यात हीटर फुल्ल ठेवून खिडकी उघडी ठेवणाऱ्यांना मोठा फरक येतो. खोल्या मोजायची पद्धत पण वेगळी, हॉलसुद्धा खोलीत धरतात, म्हणजे थ्री-रूम म्हणजे आपला टू बीएचके, आणि ७५ चौरस मीटर म्हणजे साधारण ८०० चौरस फूट, तेही कार्पेट, सुपर बिल्ट-अप भानगड नाही.

किचनबद्दल सगळ्यांना आधीच सांगून ठेवते, बऱ्याच घरांत किचन नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही, भिंतीतून दोन पाइप बाहेर. जाहिरातीत ईबीके लिहिलं असेल तर फिटेड किचन आहे. नसेल तर आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन विकत देतो का ते विचारायचं. दिवेसुद्धा काढून नेतात, छतातून नुसत्या वायर लोंबत असतात. आमच्या बाईंनी पहिल्यापासून फक्त ईबीकेवालीच घरं काढली, कारण लहान मुलगी आहे आणि यांना रोज ताजं करून खायची सवय आहे हे त्यांनी विचारून घेतलं होतं. एवढ्या बारकाईने विचारणारा माणूस मिळणं हेच त्या सर्विसचं मोल.

मग त्यांनी आमची माप्पे तयार केली, म्हणजे अर्जाची फाइल. वर एक पानाचं पत्र जर्मनमध्ये, आम्ही कोण, काय करतो, किती वर्षं राहायचा विचार आहे, सिगरेट नाही, कुत्रा-मांजर नाही, तिघांचा एक साधा फोटो. मागे नोकरीचा करार, कंपनीच्या एचआरचं पत्र की नोकरी कायम स्वरूपाची आहे, व्हिसाची कॉपी, लायबिलिटी इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा), आणि त्यांनी आमच्याकडून पुण्याच्या घरमालक काकांचं पत्र मागवलं की भाडं दर महिन्याला वेळेवर आलं, काही बाकी नाही. काकांनी लेटरहेड नाही म्हणून साध्या कागदावर सुंदर अक्षरात लिहून सही करून दिलं आणि बाईंनी त्याचं भाषांतर करून लावलं. शूफा नाही तर नाही, पण भारतात हे लोक नियमित भाडं भरत होते हे दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटलं, आपण कोण आहोत हे सांगायला आपल्याकडे पुरावे असतात, ते त्यांच्या भाषेत मांडून देणारं कुणीतरी लागतं.

आणि त्या फोन करायच्या. ईमेल नाही, फोन. स्टुटगार्टमध्ये बरेच मालक म्हणजे वरच्या मजल्यावर किंवा खाली स्वतः राहणारी म्हातारी जोडपी, त्यांना पोर्टलवरचे शेकडो मेसेज वाचायचे नसतात. बाई त्यांच्या बोलीत बोलायच्या, दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, मग आमचा विषय. एका ठिकाणी आजींनी विचारलं की भारतीय लोक फार वासाचं शिजवतात ना, मला ते ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. बाई शांतपणे म्हणाल्या की किचनला चिमणी आहे, हे लोक खिडकी उघडतात, आणि तुमच्या तळलेल्या कांद्याचा वास पण जिन्यात येतोच की. ते घर आम्हाला मिळालं नाही आणि नको पण होतं. पुढच्या घरी माझ्या नवऱ्याने त्याच्या ए-१ च्या जोरावर मालकांशी मोडकंतोडकं बोलायला सुरुवात केली, मुलीने गुटेन टाग म्हटलं, आणि तिथे चित्र बदललं. तेच घर आता आमचं आहे, स्टुटगार्टमधल्या फाइहिंगेनला, जंगलाच्या जवळ.

करार सही करायच्या आधी त्यांनी ओळ न ओळ वाचून दाखवली. श्टाफेलमीटे असेल तर भाडं ठरलेल्या पायऱ्यांनी वाढणार, इंडेक्समीटे असेल तर महागाईच्या आकड्याला बांधलेलं. घर सोडताना रंग कुणी द्यायचा, छोट्या दुरुस्त्यांचा खर्च किती रकमेपर्यंत भाडेकरूकडे. आमच्या करारात दोन वर्षं नोटीस देता येणार नाही अशी अट होती, ती त्यांनी बोलून एक वर्षावर आणली. एरवी भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते. चावी घेताना हँडओव्हरचा कागद करतात, भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, मीटरचे आकडे, किती चाव्या, सगळं लिहून दोघांच्या सह्या. तेव्हा घाई करू नका, सोडताना डिपॉझिट याच कागदावर अवलंबून असतं. चावी हरवली तर काही बिल्डिंगमध्ये सगळी लॉक सिस्टिमच बदलायचा खर्च येतो, म्हणून लायबिलिटी इन्शुरन्स घेताना चावी कव्हर आहे का ते बघा.

तक्रार म्हणाल तर एवढीच की ही सर्विस तासांच्या हिशोबाने असते, ठरावीक घरं दाखवली की पॅकेज संपतं, आणि शनिवार-रविवारी त्या फोन उचलत नाहीत. पण जेवढं केलं ते मनापासून. ५ पैकी साडेचार.

घर आणि व्हिसा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे मात्र नीट समजून घ्या, कारण एजन्सीच्या पॅकेजात त्या दोन टीमकडे असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग करायचं, म्हणजे पत्त्याची नोंद, आणि त्यासाठी मालकाने सही केलेला कागद लागतो की हे माझ्या घरात राहायला आले. ही नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, तो वेळेत नाही आला तर पहिला पगार सहाव्या टॅक्स क्लासने कापला जाऊ शकतो, म्हणजे भरपूर कापला जातो, नंतर परत मिळतो पण डिपॉझिट भरायच्या महिन्यात तो फटका बसतो. बँक, विमा, मुलांची बालवाडी सगळं त्याच कागदावर. आणि प्रत्यक्ष ब्लू कार्ड भारतात नाही, तिथे गेल्यावर राहत्या ठिकाणच्या फॉरेनर्स ऑफिसमधून मिळतं. म्हणजे टेम्पररी अपार्टमेंट स्टुटगार्टमध्ये घेतलं आणि पक्कं घर बोबलिंगेनला मिळालं तर ऑफिस बदलतं आणि फाइल एकीकडून दुसरीकडे जाते. हे आमच्या बाईंनी सांगितलं, व्हिसा टीमने नाही. त्यामुळे टेम्पररी घर घेताना दोन प्रश्न लेखी विचारा, इथे आनमेल्डुंग करता येतं का, आणि लेटरबॉक्सवर आमचं नाव लावाल का. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो, आणि जर्मनीत सगळी महत्त्वाची कामं अजूनही पत्राने होतात. पत्त्याची नोंद करून देतो म्हणून पैसे मागणारे लोक पण भेटतील, राहत नाही तिथली नोंद बेकायदेशीर आहे, असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, लांब राहा.

फसवणुकीचं पण सांगते कारण पुण्यातून घर शोधणारे यात सापडतात. फोटो झकास, भाडं कमी, मालक सध्या दुसऱ्या देशात, चावी कुरिअरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका. हे सगळे चोर. घर स्वतः किंवा विश्वासाच्या माणसाने आतून बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. तिथे कुणी नसेल तर मराठी मंडळातल्या लोकांना विचारा, वेळ असेल तर कुणीतरी जाऊन बघून येतं, आमच्या ओळखीत असं झालंय. ब्रोकरच्या बाबतीत २०१५ पासून नियम आहे की ज्याने ब्रोकर बोलावला त्याने पैसे द्यायचे, म्हणजे मालकाच्या ब्रोकरने तुमच्याकडे कमिशन मागितलं तर सरळ नाही म्हणा.

सेटलिंग-इनचा तिसरा तुकडा ठीकठाक. बुर्गरब्युरोमध्ये, म्हणजे पत्त्याची नोंद होते त्या ऑफिसात, सोबत आले, बँक उघडून दिली, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, ते खरं आहे, भरायचं, हे सांगितलं. सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळे पैसे न भरता येतात हे पण त्यांनी नीट करून दिलं. फक्त केअरवोखेबद्दल, म्हणजे बिल्डिंगच्या साफसफाईच्या पाळीबद्दल, काही सांगितलं नाही आणि स्टुटगार्टमध्ये ते माहीत नसून चालत नाही. आठवडे वाटून घेतलेले असतात, तुमच्या आठवड्यात दारावर पाटी लटकते आणि जिना झाडून-पुसून घ्यायचा, मोठ्या केअरवोखेत बाहेरचा फुटपाथ, हिवाळ्यात बर्फ. शेजारी बघतात. आम्ही पहिल्याच पाळीला जिना लख्ख केला आणि खालच्या आजोबांनी केक आणून दिला, तेव्हापासून चांगलं जमलंय. ५ पैकी ३.

शिकायला येणाऱ्या मुलांसाठी हे पॅकेज वगैरे काही लागत नाही, तुमची गोष्टच वेगळी. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२, आणि अ‍ॅडमिशन आल्या दिवशी श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थी संस्थेच्या होस्टेलला अर्ज, कारण तिथली वेटिंग लिस्ट लांब असते. खोली शेअर करायची तर वेगे-गेझुख्ट ही साइट. कन्सल्टंट लोक होस्टेलचा अर्ज भरायचे पैसे घेतात, तो अर्ध्या तासाचा फॉर्म आहे, स्वतः भरा.

कंपनीने पॅकेज की लम्पसम असा पर्याय दिला तर एचआरला विचारा की तुकडे वेगळे करून मिळतील का. व्हिसा सपोर्ट काढून टाकून त्या पैशात होम सर्चचे तास वाढवून घ्या, मी आता कुणालाही हेच सांगते. होम सर्चवाल्याला आधी कॉलवर घ्या आणि तीन गोष्टी बघा, तो त्याच शहरात राहतो का, मालकांना स्वतः फोन करतो का की फक्त लिंक पाठवतो, आणि करार वाचून देणार का. आणि ऑफर लेटरमध्ये रिलोकेशनचा खर्च परत मागायचा क्लॉज असतो तो शोधा, ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर हे सगळे पैसे तुमच्या शेवटच्या पगारातून कापले जाऊ शकतात, त्यात एजन्सीची फी धरली आहे का आणि ती किती आहे हे सही करायच्या आधी लेखी घ्या.